मंडईच्या संध्याकाळी प्रश्नमंजूषा: दूरचित्रवाणीवरचा खेळ गावाच्या मंडपात कसा उभा करावा

पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत दिवाळीनंतर मंडयांचे, म्हणजे गावोगावच्या जत्रांचे, दिवस सुरू होतात. हलका धान कापून झालेला असतो, भारी धान अजून बांधीत उभा असतो, लेकी-जावई आणि पाहुणे गावात आलेले असतात आणि रात्री दहाच्या सुमारास नाटकाचा पडदा उघडेपर्यंत गावाला काही काम नसते. संध्याकाळी सात ते साडेआठ हा मधला वेळ प्रश्नमंजूषेसाठी फार सोयीचा आहे. लाखांदूर तालुक्यातल्या आमच्या गावी आम्ही काही वर्षे हा कार्यक्रम घेत आहोत. त्यात ज्या चुका झाल्या आणि त्यांतून जी रीत बसत गेली, ती येथे क्रमाने मांडत आहे.

दूरचित्रवाणीवरील या खेळाचा साचा आता सर्वांच्या परिचयाचा आहे. ४ सप्टेंबर १९९८ रोजी ब्रिटनमध्ये सुरू झालेल्या एका कार्यक्रमाची भारतीय आवृत्ती म्हणून ३ जुलै २००० रोजी ‘कौन बनेगा करोडपती’ सुरू झाला, आणि २०१३ मध्ये सचिन खेडेकर यांच्या सूत्रसंचालनाखाली त्याचे मराठी रूपही आले. विदर्भाच्या खेड्यापाड्यांत या खेळाविषयी खरी आपुलकी निर्माण झाली ती मात्र २०१९ मध्ये, जेव्हा अमरावती जिल्ह्यातील अंजनगाव सुर्जी येथे शाळेत खिचडी शिजवणाऱ्या बबिता ताडे यांनी हिंदी कार्यक्रमात एक कोटी रुपये जिंकले. तेव्हापासून गावोगावी ‘आपणही असे काही करू’ असे म्हटले जाते, आणि बहुतेक ठिकाणी पहिलाच प्रयत्न फसतो. दूरचित्रवाणीवरचा खेळ गरम खुर्चीत बसलेल्या एका माणसाभोवती आणि त्याच्यासमोरच्या मोठ्या रकमेभोवती रचलेला असतो. रक्कम काढून घेतली की उरलेली खुर्ची तीनशे माणसांना तासभर बसवून ठेवू शकत नाही. गावातला खेळ खाली ताडपत्रीवर बसलेल्या माणसांसाठी रचावा लागतो. पुढे सांगितलेली प्रत्येक गोष्ट याच एका हिशोबाने ठरवलेली आहे.

वेळेचा हिशोब आधी, प्रश्न नंतर

प्रथम कागदावर मिनिटे मांडावीत. आमचा आराखडा असा आहे: मंचावर दोन-दोन जणांचे सहा संघ, चार फेऱ्या आणि प्रत्येक फेरीत सहा प्रश्न, म्हणजे २४ प्रश्न, एका प्रश्नाला, चर्चा आणि उत्तराचे स्पष्टीकरण धरून, दीड मिनिट लागते, म्हणजे ३६ मिनिटे. त्यानंतर चित्रफेरीचे ६ प्रश्न १० मिनिटांत आणि मधूनमधून प्रेक्षकांसाठी ८ प्रश्न आणखी १० मिनिटांत होतात. शेवटी विजेत्या संघासाठी दहा पायऱ्यांची शिडी असते; तिला २० मिनिटे लागतात. परिचय, स्वागत आणि बक्षिसे यांना १० मिनिटे धरली की ८६ मिनिटे होतात. स्वागताची भाषणे वाढली की हा हिशोब कोसळतो, म्हणून पाहुण्यांचा सत्कार कार्यक्रमाच्या मध्यभागी, गुणांची बेरीज चालू असताना उरकावा. सुरुवातीला ठेवू नये.

या आराखड्याला ४८ प्रश्न लागतात. त्यावर चौथा हिस्सा राखीव, म्हणजे १२, आणि दुपारच्या लेखी प्राथमिक फेरीचे २५, असे एकूण ८५ प्रश्न हाताशी हवेत. हे काम आठवडाभरात होत नाही. पोळ्यापासूनच वही उघडून रोज दोन प्रश्न लिहिले, तर मंडईपर्यंत तो साठा सहज होतो आणि प्रश्न तपासायलाही वेळ मिळतो.

प्राथमिक फेरी दुपारी चार वाजता शाळेच्या वर्गात घ्यावी. २५ प्रश्न, २५ मिनिटे, नंतर उत्तरपत्रिका शेजारच्या संघाला देऊन तपासणी. पाच प्रश्नांपुढे तारा काढून ठेवावा. गुण सारखे झाले तर ज्या संघाचे तारांकित प्रश्न अधिक बरोबर असतील तो पुढे जाईल, हे आधीच जाहीर करावे. मधल्या दर्जाच्या संघाला दहा-बारा उत्तरे आली पाहिजेत, इतपत अवघडपणा पुरे. संघ करताना एक अट आम्ही घातली आहे आणि तिचा फार उपयोग झाला: जोडीतला एक जण अठराच्या आतला आणि दुसरा चाळिशीच्या पुढचा असावा. त्यामुळे स्पर्धा परीक्षेची पुस्तके पाठ केलेल्या मुलांचीच मक्तेदारी राहत नाही, आणि मंचावर आजोबा-नात बसलेले पाहायला लोक आपणहून येतात.

प्रश्न कसा लिहावा

बहुतेक मंडळे या कामात सर्वांत कमी वेळ घालतात, आणि कार्यक्रम पडतो तोही येथेच.

बाजारातल्या सामान्य ज्ञानाच्या पुस्तकातून उचललेला प्रश्न साधारणपणे असा असतो: ‘गडचिरोली जिल्ह्याची निर्मिती कोणत्या साली झाली?’ ज्याला १९८२ हे साल पाठ आहे तो उत्तर देतो. बाकीचे सारे गप्प बसतात, कारण साल विचार करून काढता येत नाही. तोच मजकूर उलटा करून पाहावा: ‘२६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरपासून वेगळा झालेला, वैनगंगेच्या काठाने पसरलेला आणि छत्तीसगड व तेलंगणा या दोन्ही राज्यांना लागून असलेला हा जिल्हा कोणता?’ आता प्रेक्षकांतला प्रत्येक जण मनात नकाशा मांडू लागतो. प्रश्नात माहिती द्यावी आणि उत्तरात ओळख मागावी, हा पहिला नियम.

दुसरा प्रकार त्याहून सरस, कारण त्यात उत्तर पायऱ्यापायऱ्यांनी काढता येते. आमच्या मंडपात सर्वांत गाजलेला प्रश्न अगदी साधा होता: ‘आपल्या चुलबंद नदीचे पाणी शेवटी कोणत्या समुद्राला मिळते?’ काहींनी पटकन अरबी समुद्र म्हटले, कारण महाराष्ट्राला तोच किनारा आहे. मग एका संघाने मोठ्याने मोजायला सुरुवात केली: चुलबंद वैनगंगेला मिळते, वैनगंगा आणि वर्धा एकत्र येऊन प्राणहिता होते, प्राणहिता गोदावरीला मिळते, आणि गोदावरी बंगालच्या उपसागराला. प्रत्येक पायरीला मंडपातून हुंकार येत होता. रोज ज्या नदीवर गुरे पाण्याला नेतो ती इतक्या लांब जाते, हे त्या दिवशी अनेकांनी पहिल्यांदाच मोजले असावे.

तिसरा प्रकार गैरसमजाचा. ‘विदर्भातून महाराष्ट्राचे मुख्यमंत्री झालेले पहिले नेते कोण?’ असे विचारले की बहुतेक हात वसंतराव नाईकांकडे वळतात, कारण त्यांची कारकीर्द १९६३ ते १९७५ अशी दीर्घ होती. बरोबर उत्तर मारोतराव कन्नमवार. ते १९६२ मध्ये मुख्यमंत्री झाले आणि पुढच्याच वर्षी पदावर असताना त्यांचे निधन झाले. या प्रश्नाला पर्याय द्यायचे तर कन्नमवार, वसंतराव नाईक, सुधाकरराव नाईक आणि देवेंद्र फडणवीस अशी चारही विदर्भातलीच नावे घालता येतात, त्यामुळे पर्याय आपोआप एका तोलाचे होतात. अन्यथा तीन नेते आणि एक क्रिकेटपटू अशी भरताड केली, तर चौथा पर्याय वाया जातो आणि प्रेक्षकांना आपण खुळे समजतो आहोत असे त्यांना वाटते. चारही पर्याय एका जातीचे आणि साधारण सारख्या लांबीचे असावेत. बरोबर उत्तर ‘क’ या जागी टाकण्याची खोड लिहिणाऱ्याला नकळत लागते. म्हणून जागा चिठ्ठी टाकून ठरवावी.

प्रश्न लिहिला की त्यावर वकिलासारखे वाद घालून पाहावे. पहिल्या वर्षी मी ‘विदर्भातील सर्वांत मोठा तलाव कोणता?’ असा प्रश्न विचारला आणि पाणलोटाने मोठा की साठ्याने, नैसर्गिक की बांधलेला, धरणाचा जलाशय तलावात धरायचा की नाही, यावर वीस मिनिटे वाद झाला. तेवढ्यात पलीकडे नाटकाची तिकीटविक्री सुरू झाली आणि अर्धा मंडप उठून गेला. चूक माझीच होती. ‘सर्वांत मोठा’, ‘पहिला’ आणि ‘एकमेव’ हे तीन शब्द प्रश्नात आले की कशाने मोठा, कोणत्या काळापासून पहिला, हे प्रश्नातच लिहावे. यशवंतराव चव्हाण महाराष्ट्राचे पहिले मुख्यमंत्री खरेच, परंतु १९५६ पासून ते द्वैभाषिक मुंबई राज्याचेही मुख्यमंत्री होते; त्यामुळे ‘केव्हा मुख्यमंत्री झाले’ असा प्रश्न १ मे १९६० चा उल्लेख केल्याशिवाय पूर्ण होत नाही.

जुनी पुस्तके हा आणखी एक धोका. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर वेगळा झाल्यापासून राज्यात ३६ जिल्हे आहेत, पण ३५ लिहिलेली पुस्तके शाळांच्या कपाटात अजून आहेत. विदर्भापुरते सांगायचे तर वाशीम १९९८ मध्ये अकोल्यातून आणि गोंदिया १९९९ मध्ये भंडाऱ्यातून निघाला; त्याआधीच्या पुस्तकात विदर्भाचे नऊच जिल्हे सापडतील. प्रत्येक उत्तर दोन वेगळ्या ठिकाणी, शक्यतो एकदा छापील आणि एकदा सरकारी संकेतस्थळावर, पडताळावे आणि वहीत पडताळल्याची तारीख लिहावी.

गुणांची न्याय्य विभागणी

संघ रांगेत बसलेले असतात आणि न आलेला प्रश्न शेजारच्याकडे जातो, ही पद्धत सगळीकडे चालते. तिच्यातला दोष मात्र सहसा कोणी पाहत नाही. कच्च्या संघाच्या लगेच पुढे बसलेल्या संघाला प्रत्येक फेरीत आयते प्रश्न मिळत राहतात आणि केवळ जागेच्या जोरावर तो जिंकतो. यावर उपाय असा: ज्या संघाने उत्तर दिले, त्याच्या पुढच्या संघापासून नवा प्रश्न सुरू करावा. प्रश्न कोणालाच आला नाही, तर तो ज्या संघापासून सुरू झाला होता त्याच्या पुढच्या संघाकडून नवा प्रश्न सुरू करावा. शिवाय दोन फेऱ्या डावीकडून उजवीकडे आणि दोन उजवीकडून डावीकडे घ्याव्यात. या पद्धतीत थेट प्रश्न आणि आलेला प्रश्न असा भेद राहत नाही, म्हणून दोन्हींना सारखेच दहा गुण द्यावेत. फळ्यावर खडूने गुण लिहिणारा शिक्षक प्रेक्षकांकडे तोंड करून नव्हे, फळा प्रेक्षकांकडे करून उभा राहील, याची काळजी घ्यावी. गुण सर्वांना दिसत असले की संशयाला जागा राहत नाही.

बझर टाळावा, असे माझे मत आहे. कोणाचा दिवा आधी लागला हे नक्की सांगण्यासाठी एक दिवा लागताच बाकीचे बंद करणारी जोडणी लागते. ती नसेल तर दारावरच्या घंटा आणि सायकलच्या घंट्या केवळ भांडणे लावतात.

शिडी, पडाव आणि मदतीचे मार्ग

शेवटच्या दहा पायऱ्यांत रोख रकमेऐवजी वस्तू ठेवाव्यात: पहिल्या पायरीला वह्यांचा संच, मधे कंदील, स्टीलचा डबा, वरच्या पायरीला बॅटरीवरचा फवारणी पंप. दाते मिळतात, कारण त्यांचे नाव माईकवरून घेतले जाते. परंतु एक गोष्ट विसरू नये. या खेळातली धाकधूक बक्षिसाच्या किमतीत नसते, ती मिळालेले गमावण्याच्या भीतीत असते. चौथ्या आणि सातव्या पायरीवर पडाव ठेवावा, आणि सहाव्यावर चुकलेल्याला खरोखर चौथ्यावरचेच बक्षीस द्यावे. ‘जाऊ द्या, पोरगं आहे, देऊन टाका’ असा आग्रह मंडपातून होतो. त्याला बळी पडले की पुढच्या स्पर्धकाने थांबायचे की खेळायचे याचा विचार करण्याचे कारणच उरत नाही. भाग घेण्यासाठी कोणाकडूनही पैसे मात्र घेऊ नयेत.

मदतीचे तीन मार्ग पुरेत. दोन चुकीचे पर्याय वगळण्याच्या मार्गात कोणते दोन वगळायचे हे प्रश्न लिहितानाच ठरवावे आणि सर्वांत भुरळ घालणारा चुकीचा पर्याय शिल्लक ठेवावा. मंचावर ऐनवेळी ठरवले तर पक्षपाताचा आरोप होतो. फोनवरून मित्राला विचारण्याचा मार्ग गावात चालत नाही: एक तर ऐनवेळी रेंज जाते, आणि गेली नाही तर पलीकडचा मित्र मोबाईलवर उत्तर शोधून सांगतो. त्याऐवजी पुढच्या रांगेत पाच जाणते बसवावेत, उदाहरणार्थ निवृत्त पोस्टमन, आशाताई, एखादा जुना नाटकवाला, कृषी सहायक आणि गुरुजी. स्पर्धकाने त्यांतला एक निवडावा. कोणत्या प्रश्नाला कोणाकडे जावे हे ठरवण्यातच खेळ आहे.

तिसरा मार्ग प्रेक्षकांचा कौल, आणि तो खरा जीव आहे. चार रंगांचे घोटीव कागद कापून प्रत्येकाला एकेक रंगाचा तुकडा, असे चार तुकडे द्यावेत. सूत्रसंचालकाने तीन अंक मोजल्यावर सर्वांनी एकाच वेळी हात वर करावा. एकाच वेळी हे महत्त्वाचे, कारण मागेपुढे हात वर झाले की लोक सरपंचांचा रंग पाहून आपला रंग बदलतात आणि तीनशे माणसांचा कौल एका माणसाचा होऊन बसतो.

पडदा, आवाज, वीज आणि तुडतुडे

पडद्यासाठी आठ फूट रुंद आणि सहा फूट उंच पांढरे कापड, ताणून बांधलेले, पुरेसे होते. पन्नास फुटांवरच्या माणसाला वाचता यावे म्हणून अक्षर किमान अडीच इंच उंच ठेवावे. एका पडद्यावर सहा ओळींपेक्षा जास्त मजकूर घालू नये, म्हणजे प्रश्न आपोआप आटोपशीर होतो. गडद निळ्या पार्श्वभूमीवर पिवळी अक्षरे ठेवावीत. मजकूर युनिकोडमध्ये टंकलेला असावा, कारण जुन्या फाँटमधली फाईल दुसऱ्याच्या लॅपटॉपवर उघडली की इंग्रजी चिन्हांचा चुरा दिसतो. खात्री नसेल तर प्रत्येक पान चित्र म्हणून साठवून न्यावे.

गडद पार्श्वभूमीचे आणखी एक कारण धानपट्ट्यातल्या वाचकाला लगेच कळेल. दिवाळीच्या सुमारास धानावरचे तुडतुडे दिव्यांवर झेपावतात, आणि पांढरा उजळ पडदा म्हणजे त्यांना आमंत्रणच. पडद्यापासून शंभर फुटांवर, वाऱ्याच्या दिशेचा अंदाज घेऊन, एक मोठा उघडा बल्ब लावून ठेवला की बराचसा थवा तिकडे वळतो. दव पडू लागल्यावर लॅपटॉप आणि प्रोजेक्टर उघड्यावर ठेवू नयेत. बिछायत केंद्रवाल्याकडून त्यांच्यावर स्वतंत्र ताडपत्री घालून घ्यावी.

लाईन जाणार हे गृहीत धरावे. प्रोजेक्टर आणि लॅपटॉप मिळून साधारण ४०० वॅट घेतात. घरगुती इन्व्हर्टर आणि १५० अँपिअर-तासांची चांगली बॅटरी तेवढा भार दोन तास सहज ओढते. साऊंडचा भार तिच्यावर टाकू नये, त्याला जनरेटर असावा. माईकने शिटी मारू नये म्हणून कर्णे मंचाच्या पुढे, प्रेक्षकांकडे तोंड करून ठेवावेत. स्पर्धकांच्या पाठीमागे कधीही ठेवू नयेत.

चित्रफेरीसाठी सिनेमाचे तुकडे दाखवण्याचा मोह होतो, परंतु हक्कांचा प्रश्न येतो आणि आवाजही नीट जुळत नाही. स्वतःच्या मोबाईलने अगदी जवळून काढलेले फोटो अधिक रंगतात: तिफणीचा एक भाग, हिरडा आणि बेहडा शेजारी शेजारी, मालगुजारी तलावाच्या जुन्या पाळीचा दगड, मोहाचे फळ. येथे झाडीबोलीतले नावही बरोबर धरावे, ही सूचना परीक्षकाला लेखी द्यावी; मोहाच्या फळाला कोणी टोळ म्हणेल, कोणी टोरी, आणि दोघेही बरोबरच असतील.

प्रामाणिकपणाची व्यवस्था

अमेरिकेत १९५०च्या दशकात अशा खेळांचे मोठे प्रकरण झाले. लोकप्रिय स्पर्धकांना उत्तरे आधीच सांगितली जात होती, हे १९५९ मध्ये तेथील संसदीय समितीपुढे एका गाजलेल्या विजेत्याने कबूल केले आणि पुढच्या वर्षी असे करणे कायद्याने गुन्हा ठरले. ब्रिटनमध्ये २००१ साली सेवेत असलेला एक सैन्याधिकारी दहा लाख पौंड जिंकला. बरोबर पर्याय उच्चारला की प्रेक्षकांतून खोकला येत होता, असे ध्वनिफितीवरून दिसले आणि २००३ मध्ये न्यायालयाने त्याला दोषी ठरवले. खोकल्याची युक्ती आमच्याकडेही कोणी शिकवावी लागत नाही. म्हणून स्पर्धक आणि पहिली रांग यांत पंधरा फूट अंतर ठेवावे, आणि मंडपातून उत्तर ऐकू आले तर तो प्रश्न रद्द करून राखीव प्रश्न घ्यावा. ओरडणाऱ्याशी हुज्जत घालू नये.

प्रश्न लिहिणाऱ्याच्या घरातले कोणी स्पर्धेत नसावे. मुख्य आणि राखीव प्रश्न दोन वेगळ्या पाकिटांत बंद करावेत. उत्तरे सूत्रसंचालकाकडे न देता परीक्षकाकडे द्यावीत, कारण माणसाच्या चेहऱ्यावरून उत्तर वाचणारे लोक प्रत्येक गावात असतात. स्पर्धकाने ‘हेच माझे अंतिम उत्तर’ असे स्पष्ट म्हटल्याशिवाय परीक्षकाने तोंड उघडू नये. पुटपुटलेले उत्तर धरू नये.

फलकावर आणि पत्रकावर वाहिनीचे नाव, चिन्ह किंवा सूत्रसंचालकाचा फोटो छापू नये. हक्काचा भाग तर आहेच, शिवाय या खेळाच्या नावाने ‘तुम्हाला २५ लाखांची लॉटरी लागली’ असे संदेश पाठवून लोकांना लुबाडणाऱ्यांचा धंदा जोरात आहे. कार्यक्रमाच्या मध्यंतरात आम्ही एक मिनिट याच गोष्टीला देतो: अशा बक्षिसासाठी आधी पैसे भरायला सांगितले की तो फसवणुकीचा फोन समजावा, आणि पैसे गेलेच तर लगेच १९३० या क्रमांकावर तक्रार करावी.

कार्यक्रम संपल्यावर, मंडप सुटण्याआधी, त्याच वहीत प्रत्येक प्रश्नापुढे कोणत्या संघाला तो आला, कौलात कोणता रंग जास्त होता आणि कोठे वाद झाला हे लिहून काढावे. सगळ्यांना आलेले आणि कोणालाच न आलेले प्रश्न पुढच्या वर्षासाठी बाद करावेत. राखीव पाकिटातले न विचारलेले प्रश्न मात्र वहीतच ठेवून द्यावेत, आणि पुढच्या पोळ्याला वही उघडल्यावर त्यांची उत्तरे पुन्हा एकदा पडताळावीत.